क्रीडाशिक्षकाचें माप कशानें घ्यावें ?

वार्षिक क्रीडासामने संपले म्हणजे ढाल कोणत्या तुकडीनें जिंकली हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. जिंकणाऱ्या मुलांचें छायाचित्र घेतलें जातें, तें अंकांत छापलें जातें, आणि घरोघरीं कौतुकानें दाखविलेंही जातें. त्या छायाचित्राच्या एका कडेस, गळ्यांत शिटी अडकविलेला व उन्हानें रापलेला जो गृहस्थ उभा असतो, त्याचें नांव मात्र खालच्या ओळींत सर्वांत शेवटीं येतें. हा गृहस्थ म्हणजे क्रीडाशिक्षक. गणिताचा शिक्षक काय शिकवितो, हें कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु क्रीडाशिक्षक काय शिकवितो असें विचारलें, तर पुष्कळ सुशिक्षित पालकही 'मुलांना खेळवितो' एवढेंच उत्तर देतात. आणि तो चांगला कीं सामान्य हें कसें ओळखावें असें पुढें विचारलें, तर 'त्यानें किती चषक आणले तें पाहावें' असें म्हणून मोकळे होतात.

हें माप खोटें नसलें तरी फार अपुरें आहे, असें माझें मत आहे. चषकाची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. जिंकण्याची इच्छा ज्याला नाहीं तो खेळाडू मैदानावर नुसता फिरावयास आलेला असतो. आणि 'आम्ही केवळ आनंदासाठीं खेळतों' हें वाक्य बहुधा सरावाचा कंटाळा करणाऱ्यांच्याच तोंडीं ऐकूं येतें. प्रश्न इतकाच आहे कीं, चषक कपाटांत गेल्यावर आणि तो मिळवून देणारा शिक्षक दुसऱ्या गांवीं गेल्यावर मागें काय उरतें ? जें उरतें तेंच त्याचें खरें माप, असें मी म्हणतों. ह्या म्हणण्यास आधार शोधण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. आपल्या सक्करदऱ्याहून कांहीं मैलांवर, वर्धा रस्त्यावरील जामठ्याच्या मैदानावर, तो आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे.

विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रथम उतरला तो १९५७-५८ च्या हंगामांत. नागपूर हें क्रिकेटला अपरिचित नव्हतें. १९३२ सालीं इंग्लंडांत लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, त्यांतील आपले कर्णधार सी. के. नायडू हे जन्मानें नागपूरचेच. तथापि आमचा संघ साठ वर्षें खेळला आणि त्या साठ वर्षांत एकदांही अंतिम सामन्यास पोंचला नाहीं. विदर्भाविरुद्धचा सामना म्हणजे हातीं आलेले गुण, असा मोठ्या संघांचा समज झाला होता. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, तो समज हळूहळू आमचाही झाला होता.

अशा वेळीं, २०१७ सालीं, श्री. चंद्रकांत पंडित हे विदर्भाचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. १९८६ ते १९९२ ह्या काळांत ते भारतातर्फे ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. यष्टिरक्षण आणि फलंदाजी हीं दोन्ही कामें त्यांनीं केलीं. खेळाडू म्हणून ते नांवाजलेले होते, परंतु अग्रगण्यांत त्यांची गणना होत नसे. कारकिर्दीच्या उत्तरार्धांत ते मध्य प्रदेशाकडून खेळले, आणि १९९९ सालीं त्या संघाचे कर्णधार म्हणून रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास बंगळूरास गेले. पहिल्या डावांत त्यांच्या संघानें ७५ धावांची आघाडी घेतली होती. तरीही कर्नाटकानें तो सामना ९६ धावांनीं जिंकला. हातातोंडाशीं आलेला घास गेला, असें ज्यास म्हणतात तें हेंच.

पुढें ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखालीं मुंबईनें २००३, २००४ आणि २०१६ ह्या सालीं रणजी करंडक जिंकला. नंतर जानेवारी २०१७ मध्यें, इंदूरच्या मैदानावर, मुंबई अंतिम सामन्यांत गुजरातकडून हरली. आणि तीन विजेतेपदें मिळवून देणाऱ्या ह्या माणसाच्या जागीं मुंबईनें दुसरा प्रशिक्षक नेमला. चषक हेंच एकमेव माप धरलें म्हणजे असें होतें. तें माप एके वर्षीं माणसास डोक्यावर घेतें व दुसऱ्या वर्षीं दाराबाहेर ठेवतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित पुन्हां इंदूरच्या त्याच मैदानावर अंतिम सामन्यास आले, तेव्हां त्यांच्यामागें विदर्भाचा संघ होता. तत्पूर्वी कोलकात्यास उपांत्य सामन्यांत विदर्भानें कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनीं मात केली होती. त्या सामन्यांत रजनीश गुरबानी ह्या तरुण गोलंदाजानें दोन्ही डाव मिळून १२ बळी घेतले. अभ्यास आणि खेळ एकत्र नांदत नाहींत असें मानणाऱ्या पालकांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, हा गुरबानी अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. अंतिम सामन्यांत त्यानें दिल्लीविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले; अक्षय वाडकर ह्यानें १३३ धावा केल्या; आणि १ जानेवारी २०१८ रोजीं, फैज फजल यांच्या नेतृत्वाखालीं, विदर्भानें ९ गडी राखून रणजी करंडक प्रथमच जिंकला. पुढल्या वर्षीं, फेब्रुवारी २०१९ मध्यें, जामठ्यास सौराष्ट्राचा ७८ धावांनीं पराभव करून तो राखला. त्या सामन्यांत आदित्य सरवटे ह्याचे ११ बळी होते. दोन्ही वर्षीं इराणी करंडकही आम्हांसच मिळाला. दुसऱ्या वेळीं त्या करंडकाची बक्षिसाची रक्कम पुलवामा येथें मारल्या गेलेल्या जवानांच्या कुटुंबीयांस देण्याचें संघानें ठरविलें. माझ्या दृष्टीनें ही गोष्ट धावफलकाच्या बाहेरची असली, तरी खेळाच्या बाहेरची नव्हे.

आतां कोणी म्हणेल कीं, ह्यांत विदर्भाचें असें काय आहे ? प्रशिक्षक मुंबईचा, वसीम जाफरसारखा थोर फलंदाजही मुंबईहून आलेला, दुसऱ्याच्या तेलावर आम्हीं आमचा दिवा लावला. आक्षेप वाजवी आहे आणि त्यास उत्तर दिलें पाहिजे. बाहेरून शिक्षक आणणें ह्यांत कमीपणा नाहीं. तसें असतें तर जगांतील निम्म्या शाळा बंद कराव्या लागल्या असत्या. पाहावयाचें तें हें कीं, बाहेरून आलेला मनुष्य आपल्या मुलांना स्वतःच्या पायांवर उभें करितो, कीं त्यांना आपल्या कुबडीची संवय लावितो. आणि ह्याचा निकाल तो मनुष्य हजर असतांना लागत नाहीं; तो गेल्यावरच लागतो.

पंडित २०२० सालीं मध्य प्रदेशास गेले. विदर्भाची घडी विसकटेल, ही पूर्वीची पुण्याई संपली म्हणजे पुन्हां पहिलें पाढे पंचावन्न, असें पुष्कळांस वाटलें. कांहीं वर्षें चषक आला नाहीं हें खरें. परंतु मार्च २०२४ मध्यें विदर्भ पुन्हां अंतिम सामन्यांत उभा राहिला, आणि ह्या वेळीं प्रशिक्षक होते विदर्भाचेच जुने खेळाडू श्री. उस्मान घनी. मुंबईच्या वानखेडे मैदानावर चौथ्या डावांत जिंकण्यास ५३८ धावा हव्या होत्या. इतक्या धावांपुढें हात टेकणें कोणासही क्षम्य ठरलें असतें. विदर्भानें हात टेकले नाहींत. कर्णधार वाडकर यांनीं शतक केलें, संघानें ३६८ धावा केल्या, सामना पांचव्या दिवसापर्यंत नेला, आणि मग १६९ धावांनीं तो गमावला. पुढच्याच वर्षीं जामठ्यास केरळाविरुद्ध पहिल्या डावांत ३७ धावांची आघाडी घेऊन, मार्च २०२५ मध्यें, विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. दानिश मालेवार ह्या नागपूरच्या मुलानें त्या सामन्यांत १५३ धावा केल्या. आणि हर्ष दुबे ह्यानें त्या हंगामांत ६९ बळी घेऊन रणजी करंडकाच्या इतिहासांतील एका हंगामाचा उच्चांक केला.

माझ्या मतें पंडितांचें विदर्भांतील खरें यश २०१८ चें नव्हे आणि २०१९ चेंही नव्हे. ते येथें नसतांना आलेला २०२४ चा पराभव आणि २०२५ चा विजय, हींच त्यांच्या कामाची पावती होय. त्या यशांतील घनी यांचा, कर्णधाराचा आणि खेळाडूंचा वाटा मी कमी करीत नाहीं. उलट तो वाटा त्यांचा स्वतःचा होता हेंच मला सांगावयाचें आहे. आपण जिंकूं शकतों हा विश्वास एकदां अंगीं मुरला म्हणजे तो देणाऱ्याच्या मालकीचा राहत नाहीं. शिक्षकानें दिलेलें जें धन शिक्षक परत घेऊन जाऊं शकत नाहीं, तेंच खरें शिक्षण.

मध्य प्रदेशांत पंडितांनीं काय केलें हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. २६ जून २०२२ रोजीं, ज्या बंगळूरच्या मैदानावर २३ वर्षांपूर्वीं कर्णधार म्हणून ते हरले होते, त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनीं मुंबईस ६ गडी राखून हरविलें आणि मध्य प्रदेशास प्रथमच रणजी करंडक मिळवून दिला. त्या वेळीं मुंबईचे प्रशिक्षक कोण होते ? श्री. अमोल मुजुमदार. आणि हे दोघेही एकाच गुरूचे शिष्य होते. दादरच्या शिवाजी पार्कावर मुलांना घडविणारे कै. रमाकांत आचरेकर हे ते गुरु.

आचरेकरांच्या नांवावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. पोटासाठीं ते स्टेट बँकेंत नोकरी करीत. त्यांच्या शिष्यांपैकीं मात्र दहाहून अधिक जण भारतातर्फे खेळले. १९९० सालीं त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० सालीं पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा एक सामना सर्वांना पाठ आहे. फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस ढालीच्या सामन्यांत सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) ह्या दोन शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. ज्या गोलंदाजांनीं तो मार खाल्ला ते सेंट झेवियर हायस्कूलचे होते, म्हणजे आपल्यासारख्याच एका मिशन शाळेचे. त्यांतील साईराज बहुतुले हा मुलगा पुढें भारतातर्फे कसोटी सामने खेळला. तेव्हां एखाद्या दिवशीं फार मार बसला म्हणून चेंडू टाकून देऊं नये.

परंतु त्या सामन्यांतील ज्या मुलाची मला वारंवार आठवण होते तो ह्या तिघांपैकीं नव्हे. तो पुढला फलंदाज. पायांस पॅड बांधून तो आपल्या पाळीची वाट पाहत बसला, आणि ती पाळी आलीच नाहीं. तो मुलगा म्हणजेच अमोल मुजुमदार. पुढें रणजी सामन्यांतील पहिल्याच डावांत त्यांनीं २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११,००० हून अधिक धावा जमविल्या. तरीही भारताच्या संघांत त्यांस एकदांही स्थान मिळालें नाहीं. सारा जन्म पॅड बांधून बसण्यांत गेला, असें कोणीही म्हटलें असतें. मग २०२३ सालीं ते भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं, नवी मुंबईंत, हरमनप्रीत कौर यांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. पाळीची वाट पाहणें म्हणजे काय, हें ज्यास ठाऊक आहे, त्यासच बाकावर बसलेल्या खेळाडूचें मन कळतें.

चषकांचें माप किती तोकडें आहे हें पाहण्यासाठीं आणखी एक उदाहरण देतों, तें बास्केटबॉलचें. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें शोधून काढला. हिवाळ्यांत कोंडलेल्या १८ विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवण्यासाठीं त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीवर ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. पुढें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकांनीं तो खेळ देशोदेशीं नेला. १९१० च्या सुमारास तो फिलिपाइन्स बेटांत गेला, आणि तेथें इतका रुजला कीं १९५४ च्या जागतिक स्पर्धेंत त्या लहानशा देशानें तिसरा क्रमांक मिळविला. व्हर्जिलियो दालुपान ह्यांच्यासारखे, महाविद्यालयीन संघांपासून व्यावसायिक संघांपर्यंत अनेक विजेतेपदें मिळविणारे प्रशिक्षक तेथें निपजले. १९७६ सालीं त्यांच्या संघानें एकाच हंगामांतील तिन्ही विजेतेपदें जिंकलीं. आणि खुद्द नेस्मिथ ? कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा तो प्रशिक्षक होता तेव्हां त्याचा संघ ५५ सामने जिंकला व ६० हरला. ज्यानें खेळ निर्माण केला त्याचाच हिशेब तोट्याचा ! पण त्याच विद्यापीठांत जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक काळा विद्यार्थी होता. वर्णामुळें त्यास संघांत प्रवेश नव्हता. नेस्मिथनें त्यास आपलासा केला व शिकविलें. हाच मॅक्लेंडन पुढें अमेरिकेंतील नामांकित प्रशिक्षक झाला, आणि १९५७ पासून लागोपाठ तीन वर्षें त्याच्या महाविद्यालयीन संघानें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. तें ५५ आणि ६० च्या कोष्टकांत कोठें मांडावयाचें ?

येथें कडकपणाचा प्रश्न येतो. आचरेकर कडक होते; पंडितही कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि त्यांची शिस्त सर्वांनाच रुचली असें नाहीं. 'छडी लागे छमछम' ही म्हण अजून पुष्कळ घरांत आवडीनें सांगितली जाते, म्हणून स्पष्ट लिहितों. कडकपणा म्हणजे हात उगारणें नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास बंदी केली आहे. आणि कायदा नसता तरीही मारानें भ्यालेला मुलगा शिक्षकाची पाठ वळतांच सराव सोडतो, हा अनुभव सर्वांचा आहे. खरा कडक शिक्षक तो कीं, जो पहांटे साडेपांचची वेळ देऊन स्वतः सवापांचला मैदानावर उभा असतो. जो नांवाजलेल्या मुलाला आणि नवख्या मुलाला एकच नियम लावितो. आचरेकर यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवीत व सचिनास म्हणत कीं, बाद न होतां खेळलास तर हें तुझें. अशीं १३ नाणीं तेंडुलकरांनीं जपून ठेविलीं आहेत. कोट्यवधि रुपये मिळविणाऱ्या माणसास जें नाणें जपावेंसें वाटतें, त्याची किंमत रुपयांत होत नाहीं.

आतां आपल्या घरचें पाहूं. आमच्या भागांत दोन प्रकारचे पालक दिसतात. कांहींजण मुलगा नववीस गेला कीं त्याचें मैदान बंद करितात. त्यांच्या मतें शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे गणिताच्या जादा तासासाठीं राखून ठेवलेली जागा. दुसरे कांहीं जण दहा वर्षांच्या मुलास भारी फीच्या वर्गांत घालतात, आणि दोन वर्षांत तो कोणत्याही निवडींत आला नाहीं कीं बॅट माळ्यावर टाकतात. वरवर पाहतां हे दोघे परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोघांचें माप एकच आहे. पदरांत चषक किंवा पैसा पडतो का, एवढेंच दोघेही पाहतात. मधल्यामध्यें मुलाचें मैदान मात्र जातें. आणि मुलींच्या बाबतींत तर तें बहुधा मिळण्याआधींच जातें.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली शाळांस : वेळापत्रकांत लिहिलेला खेळाचा तास हा खेळाचाच असावा, परीक्षा जवळ आली म्हणून तो कोणीही, मी स्वतः धरून कोणत्याही विषयाच्या शिक्षकानें, मागूं नये. दुसरी क्रीडाशिक्षकांस : ज्या अकरांची निवड झाली त्यांच्याइतकाच वेळ, ज्यांची झाली नाहीं त्यांस द्यावा, कारण वर्षाच्या अखेरीस शाळेंत अकरा खेळाडू असणें ह्यापेक्षां शंभर खेळणारे असणें हें अधिक मोठें यश आहे. तिसरी पालकांस : पाल्य संध्याकाळीं घरीं आल्यावर 'जिंकलास का ?' असें विचारण्यास हरकत नाहीं. पण त्याआधीं 'आज काय शिकलास?' असें विचारावें. जो शिक्षक चांगला आहे त्याचा विद्यार्थी ह्या प्रश्नास उत्तर देऊं शकेल. जो केवळ चषकांचा दलाल आहे त्याच्या विद्यार्थ्याजवळ उत्तर नसेल. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं कितीजण रेशीमबागेच्या मैदानावरून जामठ्यापर्यंत जातील हें मी सांगूं शकत नाहीं. फार थोडे जातील. त्यांत कमीपणा नाहीं. पण आपणांपैकीं प्रत्येकास आयुष्यांत केव्हांतरी पॅड बांधून बसावें लागेल, आणि केव्हांतरी ५३८ धावा समोर दिसत असतांना फलंदाजीस जावें लागेल. त्या वेळीं मैदानाच्या कडेला शिटी घेऊन कोणी उभें नसेल. कशास उभें राहावयाचें आणि कसें, हें ज्यानें तुम्हांस आधींच शिकवून ठेविलें असेल, त्या माणसाचें नांव छायाचित्राखालच्या ओळींत शेवटीं छापलेलें असेल. तें आजच एकदां नीट वाचून ठेवा.